दारवणीचं कार्ड

त्या गुरुवारीही आम्ही ओसरीवर बसून कार्डं केली. मी छापील कागदावर शब्द शोधायचा, सापडला की बोट ठेवायचं. मास्तरांनी त्यावर भिंग धरून बघायचं आणि त्या शब्दाच्या कार्डावर एक उभी रेघ मारायची. चौदा शब्द होते, अकरा सापडले. एकाच जागी मी दुसऱ्यांदा बोट ठेवलं, तेव्हा त्यांनी माझ्या बोटावर पट्टी मारली. हळूच मारली, पण मारली. मग चहा झाला. त्यांचा त्यांच्याच पुडीतल्या साखरेचा, माझा बिनसाखरेचा. कपबश्या मी विसळल्या. दुपारी चारला टेम्पो येणार होता आणि मास्तर खोली सोडून बेलापूरला पुतणीकडे कायमचे जाणार होते, हे दोघांनाही माहीत होतं. कोणी त्याचं नाव काढलं नाही. गुरुवार होता, गुरुवारचं काम केलं.

शब्द कोरियन भाषेतले होते. मला कोरियन येत नाही.

हे नीट सांगतो, नाहीतर वाचणाराला वाटायचं, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

मी चौथी शिकलेला. पारनेर तालुक्यातल्या कोरड्या गावातून भिंगारला आलो आणि लष्कराच्या डेपोत स्टोअरमध्ये लागलो. चिठ्ठीवरचा नंबर बघायचा, त्याच नंबरचं खोकं रॅकवरून काढायचं, हेच काम जन्मभर केलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण एक आकडा इकडचा तिकडं असला तर मला लांबून कळायचं. साहेब लोक चुकायचे, मी चुकत नव्हतो. ते वाचायचे ना, म्हणून चुकायचे. मी नुसता बघायचो.

रिटायर व्हायच्या आधी भिंगारच्या बाजारामागं घर बांधलं. वरची एक खोली भाड्यानं द्यायची होती, तिथं मास्तर आले. ते कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. पुणे रस्त्यावरच्या एका कोरियन कारखान्यात दुभाषी होते. तिकडचे इंजिनिअर काय म्हणतात ते आपल्या फिटर लोकांना सांगायचं, आणि फिटर काय म्हणतात त्यातलं निम्मं इंजिनिअरना सांगायचं नाही, अशी नोकरी. एकदा तिकडून आलेल्या एका जवान पोरानं असा शब्द वापरला की तो मास्तरांच्या जाडजूड डिक्शनरीत नव्हता. मास्तरांनी अंदाजानं काहीतरी सांगितलं आणि फिटरांनी दिवसभर जे बसवलं ते दुसऱ्या दिवशी सगळं उघडावं लागलं. तेव्हापासून त्यांनी नवे शब्द लिहून ठेवायला सुरुवात केली. नोकरी संपली, कारखान्याशी संबंध संपला, पण हे संपलं नाही. उलट वाढलं.

खोलीत दोन पत्र्याच्या पेट्या, एक खाट आणि भिंतीवर साडेतीन तास पुढं असलेलं घड्याळ. ते घड्याळ तिकडच्या वेळेचं. मास्तर त्याच घड्याळानं जेवायचे. आपल्याकडं संध्याकाळचे पाच वाजले की त्यांचं रात्रीचं ताट व्हायचं. माझी बायको म्हणायची, 'वरच्या मजल्यावर दिवस लवकर बुडतो बया, खाली अजून कपडे वाळत्यात.'

मला ते नावानं हाक मारत नसत. 'डेपो' म्हणायचे. इस्त्रीवाल्या सिंधूबाईला 'इस्त्री', झेरॉक्सवाल्याला 'झेरॉक्स'. फक्त माझ्या बायकोला 'वहिनी'. का, ते विचारलं नाही.

सुरुवातीला मला हा सगळा प्रकार म्हणजे रिकामटेकड्या माणसाचा चाळा वाटला होता. रिटायर झालो, घरात बसवेना, एक दिवस जिना चढून वर गेलो, तर हे कागदांवर डोकं घालून बसलेले. मी पाठीमागून बघता बघता म्हटलं, 'हा इथं बी हाय की.' त्यांनी दाखवलेल्या शब्दाचा आकार मला खालच्या ओळीत दिसला होता, त्यांना दिसला नव्हता. मास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, 'तुम्हाला वाचता येतं का हे?' म्हटलं, 'न्हाई.' 'उत्तम. बसा.'

मग मला कळलं की अर्थ माहीत असलेला माणूस जे यायला पाहिजे तेच वाचतो. मला काहीच यायला पाहिजे नव्हतं.

त्यांची पद्धत अशी. चार पेपर ठरलेले, तीन मोठ्या शहरातले आणि एक लहान गावातला. ठरलेली पानं, ठरलेला वार, गुरुवार. झेरॉक्सवाला मोबाईलवरून ती पानं मोठ्या अक्षरात छापून द्यायचा. एखादा नवा शब्द तीन वेगवेगळ्या लिहिणारांनी वापरला की मगच त्याचं कार्ड निघायचं, तेही पेन्सिलीनं. एकच बातमी चार ठिकाणी छापली असेल तर ती एकच धरायची. नवा शब्द आधी कंसात अर्थ सांगत येतो, नव्या सुनेनं सासरी दबकत वागावं तसा. काही दिवसांनी कंस गळतो, कोणी अर्थ सांगत नाही, कोणी विचारत नाही. मग त्या शब्दाला पिल्लं होतात, म्हणजे त्याचं शेपूट धरून दुसरे शब्द तयार होतात. किंवा तो भलत्याच जागी वापरला जातो, जिथं तो जन्मला नव्हता. एवढं झालं की मास्तर पेन्सिलीच्या अक्षरावरून शाई फिरवायचे. शाई फिरवायच्या दिवशी त्यांची स्वारी खुशीत असायची. पानसुपारी खाल्ल्यासारखं तोंड.

मी एकदा विचारलं, तीन पेपर मोठ्या शहराचे आहेत, मग हा चौथा बारकुला कशाला. तर म्हणाले, 'शहरात शब्द गाडीवर बसून येतो, डेपो. या गावात तो पायी आला पाहिजे.'

तीन वर्षं एकही रेघ पडली नाही की शब्द मेला. मग कार्ड बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. ते टाकायची रीत होती. मास्तर उभे राहायचे, मलाही उभं करायचे, कार्ड डब्यात ठेवायचे, झाकण लावायचे, आणि त्या दिवशीचा चहा बिनसाखरेचा. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. मी हसलो तर म्हणाले, 'कोणीतरी हौसेनं केला असेल तो शब्द.'

मध्यंतरी तिकडच्या कुठल्या विद्यापीठातल्या बाईंनी त्यांना मोबाईलवर पत्र धाडलं. आता मशीन एका क्षणात सगळे पेपर, सगळं इंटरनेट मोजतं, आपण एवढे कष्ट का घेता, असं काहीतरी. मला वाटलं, आता हे पेट्या बंद करणार. ते म्हणाले, 'बरोबर आहे बाईंचं. मशीन सगळ्या गावाची डोकी मोजतं. मी एकाच खिडकीत बसतो. पण रोज जाणारा माणूस जायचा बंद झाला तर खिडकीतल्याला आधी कळतं.' आणि पुढचा कागद ओढला.

गल्लीतल्या कॉलेजच्या पोरी मोबाईलवर कोरियन मालिका बघायच्या. सिंधूबाईची पूजा त्यात सगळ्यात पुढं. एकदा चार पोरी जिना चढून गेल्या, आमाला कोरियन शिकवा म्हणून. मास्तरांनी दारातूनच पिटाळलं. मी मोजतो, शिकवत नाही, म्हणाले. पोरी तोंड फुगवून उतरल्या, तर माझ्या बायकोनं त्यांना खाली बसवून शेंगदाण्याचा लाडू दिला आणि वर बघून मोठ्यानं म्हणाली, 'मास्तर, पोरींला दोन गोड शबूद दिलं तर तुमच्या पेटीतलं कमी व्हनार न्हाईत.' वरचं दार लागलं. पण दुसऱ्या दिवशी पूजाच्या इस्त्रीच्या गठ्ठ्यात एक कागद निघाला, दहा शब्द आणि त्यांचे अर्थ, सुवाच्य अक्षरात. तसे ते होते. तोंडावर नाही म्हणायचे आणि मागून करायचे. हे मी तेव्हाच ध्यानात ठेवायला पाहिजे होतं.

आता दारवण सांगतो.

हा शब्द पुस्तकात सापडायचा नाही. तो माझ्या बायकोनं केला. पाव्हणा निघतो म्हणून उठतो, चप्पल घालतो, आणि मग दारात उभा राहून अर्धा तास बोलतो, त्या बोलण्याला ती दारवण म्हणायची. 'आत दोन शबूद बोलला न्हाई, आन आता दारवण लावून बसलाय.' हसण्यावारी सुरू झालं, पण तिचा त्यावर विश्वास होता. तिचं म्हणणं, माणूस आत बसून चहा पिताना हवापाण्याचं बोलतो. एक पाय पायरीवर ठेवला की मग खरं काय ते निघतं. लेकीला सासरी जाच आहे, डॉक्टरनं असं असं सांगितलंय, हे सगळं दारात. म्हणून कोणी उठलं की ती मुद्दाम दारापर्यंत जायची, दाराची कडी धरून उभी राहायची. बायका मोकळ्या होऊन जायच्या. बँकेत अंगठा देणारी बाई, पण गल्लीतल्या निम्म्या घरांची खबर तिच्यापाशी असायची आणि एकीची दुसरीला कळायची नाही.

मास्तरांना मात्र दारवण नव्हती. बोलणं संपलं की उठून चालू लागायचे. कधी कधी दुसऱ्याचं संपायच्या आधीच. 'मास्तरांचं म्हंजे नळावानी,' ती म्हणायची, 'चावी फिरवली का बंद.' एकदा तिनं त्यांना जिन्यावर असतानाच ऐकवलं, 'लोकांची दारवण तासभर चालती, तुमची कदी व्हनार वो?' मास्तर तिसऱ्या पायरीवर थांबले. मागं वळून विचारलं, 'वहिनी, हा शब्द कुणाचा?'

'माझाच. दुसऱ्या कुनाचा असनार?'

'हं,' म्हणाले, आणि वर गेले. त्या उन्हाळ्यात आम्ही वरचा पत्रा काढून स्लॅब टाकला होता, म्हणून लक्षात आहे.

ती गेली त्याला आता अडीच वर्षं झाली. दवाखान्यात चार दिवस काचेच्या पलीकडं होती. तिनं जन्मभर सगळ्यांना दारात उभं राहून बोलू दिलं, आणि आम्हा दोघांना दार मिळालं नाही. यापुढं त्याबद्दल लिहीत नाही.

तेराव्याला माणसं आली, बोलून गेली. मास्तर वरून खाली आले, माझ्याशेजारी बसले. सुनेनं चहा आणला, त्यांनी तो परत केला आणि म्हणाले, 'बिनसाखरेचा.' मी त्यांच्याकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते. सगळ्या गावानं मला जे सांगितलं त्यापेक्षा मला ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मीही साखर सोडली. पोरगा म्हणाला, बरंच झालं, शुगरला चांगलं. पोरगा नगरला नोकरीला, तिकडंच राहतो. रविवारी येतो.

मग मी एकटा जेवायला लागलो. गुरुवारी एका कार्डावर सारख्या रेघा पडायच्या, तेव्हा मी विचारलं, हा एवढा चालणारा शब्द कसला. मास्तर म्हणाले, 'होनबाप. एकट्यानं जेवणं.' मी म्हटलं, त्याला शब्द लागतो? म्हणाले, आधी लागत नव्हता. आता तिकडं इतके लोक एकटे जेवतात की लागला. त्याला पिल्लंही झालीत, एकट्यानं दारू पिण्याचा वेगळा शब्द आहे. मी म्हटलं, हे बरं आहे, आमच्या दुःखाला तिकडं शाई फिरवून ठेवलीय. मास्तर हसले. ती गेल्यावर आम्ही पहिल्यांदा हसलो ते त्या दिवशी.

पण मला वेगळीच गोष्ट खात होती. गल्लीत कोणी दारवण म्हणेना. पूर्वी सिंधूबाई दिवसातून दहा वेळा म्हणायची. आता मी आलो की बायका दारातून बाजूला व्हायच्या, 'चला, निघते' म्हणायच्या, आणि निघायच्या. मी स्वतः म्हणायला गेलो तर तोंडातून येईना. तो काय एकट्यानं बोलायचा शब्द आहे? दारात एक आणि पायरीवर एक, दोन माणसं लागतात त्याला. मला वाटलं, ती गेली ते गेली, तिनं केलेली एकच गोष्ट होती, तीही गेली. लोकांची बायको भांडी सोडून जाते, साड्या सोडून जाते. त्या मी सुनेला देऊन टाकल्या होत्या. ह्याचं काय करायचं ते मला कळेना.

मग एका गुरुवारी मी मास्तरांना म्हटलं, दारवणीचं एक कार्ड काढा. तुमचे नियम लावा. जिवंत आहे का मेला, काय ते मला सांगा.

ते भिंग पुसत होते. म्हणाले, 'नाही.'

'का?'

'घरच्यांचं तोंड हिशेबात धरत नाही मी. तुम्ही बोलणार, तुमचा मुलगा बोलणार, आणि मग मला येऊन सांगणार, आज ऐकला म्हणून.'

मला राग आला. इतकी वर्षं मी यांच्या परक्या शब्दांना बोट ठेवत आलो, माझ्या एका शब्दाला यांच्याकडं पेन्सिल नाही. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या छातीत कारखान्यातलं मशीन हाय. त्यांनी भिंग खाली ठेवलं. उठले आणि जिना चढून गेले. नळ बंद.

त्यानंतर चारपाच महिन्यांनी मी ते केलं, ज्याची मला अजून लाज वाटते.

एक शब्द मरायला टेकला होता. मोबाईलवर अंगठ्यानं पटापट लिहिणाऱ्या पोरांना पूर्वी तिकडं अंगठेवाली जमात म्हणायचे, असा काहीतरी त्याचा अर्थ. आता सगळेच अंगठ्यानं लिहितात, तर वेगळं कोण म्हणणार. आमच्या चार पेपरांत तीन वर्षं होत आली होती, रेघ नव्हती. माझी बायको बँकेत अंगठा द्यायची, एवढंच माझं त्या शब्दाशी नातं. पण तो डब्यात जाणार म्हटल्यावर मला बघवेना. मास्तर पाणी आणायला उठले, तेवढ्यात मी त्या कार्डावर रेघ मारली आणि शेजारी कागदाचा आणि ओळीचा नंबर मनानं टाकला. बायकोसाठी मला काही करता आलं नव्हतं. इथं हातात पेन्सिल होती.

पुढच्या गुरुवारी मास्तरांनी तो कागद काढला. भिंग धरून ती ओळ तीनदा वाचली. मग माझ्यापुढं ठेवला. तो आकार तिथं नव्हता, मला न वाचताही दिसत होतं.

'का मारली?'

'वाईट वाटलं, म्हनून मारली.'

'मलाही वाटतं,' ते म्हणाले. 'म्हणून तर बिनसाखरेचा चहा.'

ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळे कागद आणि कार्डं उचलून वर नेली आणि मी बोट ठेवलेली प्रत्येक रेघ पुन्हा तपासायला बसले. एक खोटी निघाली म्हणजे सगळ्याच खोट्या असू शकतात. अकरा दिवस. त्यांच्या डोळ्यांचा त्रास तेव्हाच सुरू झालेला होता, डॉक्टरनं आतला पडदा खराब होतोय म्हणून सांगितलं होतं. मी खाली बसून वरच्या खुर्चीचा आवाज ऐकायचो. भाकरी केली तर ताट वर ठेवून यायचो, ते रिकामं खाली यायचं, बोलणं नाही. मला खात्री झाली की ह्या माणसानं मला काढून टाकलं. बायको नाही, आता गुरुवारही नाही.

बाराव्या दिवशी खाली आले. पायरीवर उभे राहून म्हणाले, 'एकच खोटी. बाकी सगळ्या खऱ्या. उद्या गुरुवार आहे.' आणि गेले.

त्या शब्दाचं कार्ड पुढं डब्यात गेलं. आम्ही दोघं उभे राहिलो.

डोळे मात्र सुधारले नाहीत. दर महिन्याला एसटीनं पुण्याला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यायचे, मी बरोबर येतो म्हटलं तर नाही म्हणायचे. शेवटी पुतणी आली आणि तिनं ठरवलं. एकट्यानं जिना चढणं बास झालं म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

तर त्या गुरुवारी चारला टेम्पो आला. पेट्या चढवल्या, खाट चढवली, साडेतीन तास पुढचं घड्याळ पुतणीनं मांडीवर घेतलं. मला माहीत होतं, हे आता बसणार आणि मान वळवून बघणारसुद्धा नाहीत. ते बसले. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. आणि मास्तर खाली उतरले.

एक पाय टेम्पोच्या पायरीवर, एक पाय माझ्या दारात. म्हणाले, गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह थोडा डावीकडं फिरवून ठेवा, नाहीतर थेंब थेंब गळतो. मी म्हटलं, बरं. म्हणाले, झेरॉक्सला सांगा, आता कागद नकोत. म्हटलं, सांगतो. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मास्तर तिथंच. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, 'त्या रेघेनंतर मी तुम्हाला काढणारच होतो, डेपो. मग म्हटलं, शब्दाचं वाईट वाटणारा दुसरा माणूस मी भिंगारात कुठं शोधू.'

मी दाराची कडी धरून उभा राहिलो.

समोरून सिंधूबाई इस्त्री बाजूला ठेवून हे बघत होती. पुतणीला म्हणाली, 'ताई, गाडी बंद करा थोडी. मास्तरांनी बी दारवण लावली आज.' आणि माझ्याकडं बघितलं आणि जीभ चावली. 'चुकलं दादा. तुमच्यासमोर न्हाई म्हनायचं असं ठरवलं हुतं आमी समद्यांनी.'

मास्तरांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक कार्ड काढलं. 'पेन्सिल,' म्हणाले. माझ्या कानावर होती, ती दिली. त्यांनी बोटानं चाचपून जागा शोधली, एक उभी रेघ मारली, आणि ते कार्ड माझ्या हातात दिलं.

'तुमच्यासमोर लोक गिळायचे,' ते म्हणाले. 'मी तुमच्यामागं मोजला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही गल्लीभर म्हणत सुटला असता, मग मोजून काय उपयोग होता?'

'पन मी मागितलं तवा तर तुमी नाही म्हनाला.'

'नवं काढायला नाही म्हणालो. हे आधीच निघालेलं होतं.'

मग ते बसले आणि टेम्पो गेला. ह्या वेळेला त्यांनी मान वळवली होती, पण त्यांना मी दिसलो असेन असं वाटत नाही.

मी ओसरीवर बसून कार्ड वाचलं. मराठीत होतं, मला येत होतं. पहिली तारीख आम्ही स्लॅब टाकला त्या उन्हाळ्यातली. 'जिना, वहिनी.' पुढं रेघा आणि प्रत्येक रेघेशेजारी बारीक अक्षरात, कुठं आणि कोण. इस्त्री. रेशन दुकान, अनोळखी बाई. दवाखान्याचा बाक, दोघी. एका ठिकाणी: 'इस्त्रीची मुलगी, मोबाईलबद्दल. ठेवते ठेवते म्हणून न ठेवणे यास फोनवरची दारवण. नवा अर्थ.' त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. एका ठिकाणी: 'एसटी स्टँड, पारनेर गाडी, कंडक्टर. दारवण बास, चढा वर.' पारनेरच्या गाडीनंच ती माहेरी जायची. त्या कंडक्टरला ती भेटली होती का, का त्याला शब्द दुसऱ्याच कोणाकडून मिळाला, ते कार्डावर नव्हतं.

मधे एक आडवी रेघ होती. तारीख ती गेली त्या दिवसाची. त्या आडव्या रेघेच्या वर जेवढ्या खुणा होत्या, त्यापेक्षा खाली जास्त होत्या.

मी पुन्हा मोजल्या. मोजण्यात मी चुकत नाही. खालीच जास्त होत्या.

आणि कार्डाच्या डोक्यावर शब्द लिहिलेला, तो शाईनं. खालची पेन्सिल कुठं कुठं डोकावत होती.

दुसरं कोणी असतं तर मला वाटलं असतं, म्हाताऱ्याचं मन राखायला केलं. पण ज्या माणसानं एका खोट्या रेघेपायी डोळे जात असताना अकरा दिवस घातले, तो माझं मन राखायला रेघ मारणार नाही. मला त्या दिवशी छातीत जी जागा झाली ती अडीच वर्षांत झाली नव्हती. मी दार उघडं ठेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीचा डबा घेऊन दळायला निघालो. आमच्या गल्लीतल्या गिरणीत नाही, मुद्दाम बाजाराच्या पलीकडच्या गिरणीत गेलो, जिथं मला कोणी ओळखत नाही. दारात एक जाडा माणूस पिठाची पिशवी खांद्यावर घेऊन उभा. निघालो निघालो म्हणत होता आणि गिरणीवाल्याला काहीतरी सांगत होता. मला आत जायला जागा नव्हती. मी थोडा वेळ थांबलो. मग म्हटलं, 'तुमची दारवण झाली असंल तर जाऊ का आत?'

अडीच वर्षांनी म्हटलं.

तो माणूस बाजूला सरकला. 'जा की बाबा,' म्हणाला, 'चालूच असतंय आमचं.' आणि पुन्हा गिरणीवाल्याकडं वळला. अर्थ विचारला नाही. गिरणीवाल्यानंही विचारला नाही, डबा घेतला आणि पिठाचा हात पुसत म्हणाला, बारीक का जाडं?

घरी आलो. कार्ड काढलं, कानावरची पेन्सिल घेतली, आणि मग आठवलं, घरच्यांचं तोंड धरायचं नाही. पेन्सिल ठेवून दिली. एका कपाचा चहा टाकला. साखरेचा डबा फळीवर मागं सरकला होता, तो पुढं ओढला, झाकण घट्ट बसलं होतं. चमच्याच्या दांड्यानं उघडलं आणि दोन चमचे घातली.